चोवीस तारखेला लावायचे सिनेमे

शिकागो, ६ डिसेंबर

ति. आई,
सा. न. वि. वि.

चोवीसला नौपाड्याच्या घरी बिल्डिंगमधली पोरं आणि समोरच्या आजी येणार, तर नाताळचा कोणता विनोदी सिनेमा लावू, असं तू विचारलंस. दोन लाव. चारला पोरांसाठी ‘होम अलोन’, सातला मोठ्यांसाठी ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. दोन्ही पोट धरून हसवतात आणि दोन्हींत एकेक एकटा पडलेला म्हातारा आहे. हसण्याच्या गडबडीत तो निसटू नये, म्हणून सविस्तर लिहिते.

‘होम अलोन’ १९९०चा, १०३ मिनिटांचा. पोरांना वेळ साडेतीनचीच सांग, कारण सुरुवात चुकली की सगळं बिघडतं. घरचे सगळे पॅरिसला निघून जातात आणि छोटा केविन एकटाच घरी मागे कसा राहतो, याचा हिशेब तिथे पक्का मांडलाय: रात्री वीज जाते म्हणून गजर होत नाही, सांडलेलं दूध पुसताना त्याचं तिकीट कागदांबरोबर कचऱ्यात जातं, निघताना डोकी मोजतात त्यात शेजारचा मुलगा धरला जातो. यातलं काही हुकलं, तर पॅरिसच्या विमानात बसलेली त्याची आई नुसती निष्काळजी वाटते. मग ती परत यायला जी धडपड करते, तिच्यात जीव गुंतत नाही.

तळघरातल्या भट्टीला तो का घाबरतो, तेही पोरांना आधी सांग. थंडीच्या देशात घर ऊबदार ठेवायची भट्टी तळघरात असते आणि ती आवाज करते. आपल्याकडे तळघर म्हणजे गाड्यांचं पार्किंग, त्यामुळे त्यांना ते उमगणार नाही.

घरात घुसणाऱ्या चोरांची केविन जी फजिती करतो, ती बरीच उशिरा येते: बर्फाच्या पायऱ्या, तापून लाल झालेली दाराची मूठ, वरून पडणारी इस्त्री. (घरी करून बघायचं नाही, हे ठणकावून सांग.) पोरं त्याचीच वाट बघत असतात आणि नेमका त्याच्या आधी चर्चमधला शांत प्रसंग येतो. केविन ज्याला खुनी समजून पळत असतो, तो शेजारचा मार्ली म्हातारा त्याच्याजवळ येऊन बसतो. मुलाशी अबोला आहे, म्हणून गाणाऱ्या मुलांतल्या आपल्या नातीला ऐकायला तो असा गुपचूप आलाय. इथे कोणीतरी हमखास ‘पुढे घे’ म्हणेल. घेऊ देऊ नकोस. शेवटी खिडकीतून केविनला जे दिसतं, त्याचं मोल या पाच मिनिटांशिवाय कळत नाही. रिमोट बाबांच्या हातात दे. आणि जमलं तर आदल्या दिवशी पोरांना तलावपाळीचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च दाखवून आण.

दुसरा सिनेमा १९४०चा, अर्न्स्ट लुबिचचा, ९९ मिनिटांचा, कृष्णधवल. चित्र चौकोनी असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू देत. बाबांनी पडदा भरायला चित्र ताणलं की सगळ्यांचे चेहरे फुगलेले दिसतात. रंगांचं सेटिंग भडकवरून ‘सिनेमा’वर आणा, इंग्रजी सबटायटल मोठ्या अक्षरांत लावा. संवाद भराभर आहेत आणि गंमत सगळी शब्दांत आहे.

गोष्ट बुडापेस्टमधल्या चामडी वस्तूंच्या दुकानाची. काउंटरवर भांडणारे दोघे एकमेकांना निनावी प्रेमपत्रं लिहीत असतात. पण माझा जीव अडकतो तो दुकानमालक मातुशेकमध्ये. बायकोने फसवलंय हे कळल्यावर तो स्वतःवर पिस्तूल रोखतो, कामावरचा पोऱ्या पेपी त्याला वाचवतो. हे आजींना आधी कानावर घाल. चहाची सुट्टी कॅफेचा लांब प्रसंग संपल्यावर घ्या, शेवटाजवळ मुळीच नको. कारण नाताळच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर मातुशेक बाहेर बर्फात उभा राहतो आणि निघणाऱ्यांकडे जेवणाचा विषय काढून बघतो. प्रत्येकाला कुठेतरी जायचंय. ‘मी एकटा आहे’ असं तो म्हणत नाही. शेवटी रूडी नावाचा नवा पोऱ्या निघतो, त्याचंही गावात कोणी नाही. मातुशेक त्याला एकेक पदार्थ विचारत जातो: सूप आवडतं का, भाजलेला हंस, बटाटे, काकडीची कोशिंबीर, सफरचंदाचा गोड रोल? पोरगं खुलत जातं, आपण हसतो आणि डोळे भरून येतात. नाताळच्या सगळ्या सिनेमांत मला हीच दोन मिनिटं सर्वांत मोठी वाटतात.

‘द अपार्टमेंट’ (१९६०) तू ऐकलाय, तो त्या दिवशी नको. फार सुंदर आहे, पण त्यात नाताळच्याच रात्री नायिका झोपेच्या गोळ्या घेते. तू आणि बाबा नंतर निवांत बघा. पोरांनी पंचवीसला आणखी मागितला तर ‘एल्फ’ लाव, ९७ मिनिटांत आटपतो.

आजींना नुसतं सिनेमाला बोलावू नकोस, जेवायलाही सांग. आणि आजच सांग. त्या संध्याकाळी सांगितलंस तर ‘माझं झालंय जेवण’ म्हणून घरी जातील.

बाबांना सा. न.

तुझी,
मनू