खांबाआडून पाहिलेली नमाज

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सलीम,

दुपारी तुझा फोन कापला, रागावू नकोस. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये एका चित्रासमोर उभा होतो, आणि गंमत म्हणजे तुझीच आठवण काढत होतो.

चित्र झाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं, १८७१ चं. नाव ‘मशिदीतली नमाज’. फार मोठं नाही, उंची तीन फुटांच्या आत. कैरोची अम्र मशीद आहे ती, सातव्या शतकात उभी राहिलेली, इजिप्तमधली पहिली. कमानींमागे कमानी, त्यांना जोडणाऱ्या लाकडी तुळया, वरून लोंबणारे दिवे आणि खाली रांगेत उभी माणसं. तुम्ही म्हणता तशी सफ. कोणी बडी असामी आपल्या नोकरचाकरांसह आलीय, आणि त्याच जमातीत लांब केसांचा एक फकीर नुसती लंगोटी लावून उभा आहे!

त्याच्यापाशी मी अडकलो. मागे तूच मला सांगितलं होतंस ना, नमाजेला पुरुषाचं निदान बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं हवं? मग याला रांगेत घेतलं कुणी? जेरोमने असा कोणी मलंग खरंच पाहिला असेलही. पण मला वाटतं, पॅरिसच्या गिऱ्हाइकाला भरजरी कपड्यांशेजारी उघडं अंग दाखवायचा मोह त्याला आवरला नाही.

गिऱ्हाईक म्हणतो ते उगाच नाही. त्याचे सासरे अडॉल्फ गुपिल चित्रांचे बडे व्यापारी. जावयाच्या चित्रांच्या छापील प्रती काढून विकायचे. एमिल झोला या लेखकाने तर १८६७ मध्येच टोमणा मारला होता की हा गडी चित्र काढतो ते प्रती छापून खपवण्यासाठी. १८६८ मध्ये जेरोम पुन्हा इजिप्तला गेला तेव्हा मेहुणा फोटो काढायला बरोबर होता. ती स्केचेस, ते फोटो घेऊन पॅरिसला परतायचं आणि स्टुडिओत सगळं जुळवायचं, अशी त्याची रीत. रंग इतका गुळगुळीत लावतो की ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही. त्यामुळे जुळवाजुळवसुद्धा डोळ्यांदेखत घडल्यासारखी वाटते. लबाडच!

एवढं सगळं ठाऊक असूनही मी तिथून हललो नाही रे. कारण त्या गर्दीतला एकही माणूस आपल्याकडे बघत नाही. सगळ्यांची तोंडं किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आणि आपण कुठल्या तरी खांबाच्या आडोशाने त्यांच्याकडे टक लावून बघतोय. पुढे मोकळ्या जागेत कबुतरं आहेत, त्यांनाही नमाजेशी घेणंदेणं नाही. माझी जमात तीच.

मला एकदम आपली रत्नागिरीची मशीद दिसली. जुम्म्याला, दर शुक्रवारी, तू हातपाय धुऊन वजू करून आत जायचास आणि मी तुझी बॅट आणि चपला सांभाळत बाहेरच्या पायरीवर. दारातून पाठीच दिसायच्या. सगळ्या पाठी एकदम वाकायच्या, त्यात तुझी कुठली ते मला कळायचं नाही, आणि उगाच जीव कासावीस व्हायचा. दहा मिनिटांपूर्वी माझ्याशी आउटवरून भांडणारा पोरगा तिथे माझा कोणीच नसायचा. बाहेर आलास की पहिलं वाक्य ठरलेलं : “बॅटिंग माझी!”

जेरोमने पोशाख रंगवले, दिवे रंगवले, चटया रंगवल्या. पण ते एकदम वाकणं त्याने नाही घेतलं, उभी माणसंच घेतली. वाकलेल्या पाठींत शेठ कोण नि फकीर कोण हे दाखवणं अवघड गेलं असतं, म्हणून असेल का? तुला काय वाटतं?

दुकानातून चित्राचं कार्ड घेतलंय, सोबत ठेवतो. चाचींना दाखव, पण त्या लंगोटीवाल्यावर अंगठा ठेवून. आणि भिंग घेऊन रांगेतल्या लोकांचे हात नीट बघ. कोणी चुकीचे बांधलेत का, ते मला कळव.

तुझा,
विन्या