पडद्यामागच्या पगारी माणसांचा सिनेमा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठीच्या प्रचारावर बेतलेल्या, जॉर्ज क्लूनीच्या ‘द आइड्स ऑफ मार्च’ (२०११) या चित्रपटावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. राजकारण एका आदर्शवादी तरुणाला कसं गिळतं, असा त्याचा सूर. मला तो पटला नाही. मी बरीच वर्षं उमेदवारांना भाषणं लिहून देत होतो. आमच्या पेशातल्या माणसाला उमेदवाराच्या प्रचारचमूतला हा स्टीफन मेयर्स पहिल्याच दृश्यात ओळखू येतो.

वादचर्चेच्या मंचावर तो माईक तपासतोय. आपला धर्म म्हणजे राज्यघटना, अशा अर्थाची वाक्यं सपाट आवाजात उरकतोय. पुढे तीच वाक्यं त्याचा उमेदवार गव्हर्नर मॉरिस छातीठोकपणे म्हणतो. दुसऱ्याच्या तोंडी शोभावं म्हणून घासूनपुसून ठेवलेलं वाक्य एकट्याने म्हणताना किती बेचव लागतं, ते रायन गॉसलिंगने बिनचूक पकडलंय.

स्टीफनचा मॉरिसवर विश्वास आहे, पण मॉरिस जिंकणारा आहे म्हणून. तत्त्व आणि बढती एकाच गाडीने निघाली असतील तर तत्त्वनिष्ठ राहायला कष्ट पडत नाहीत. त्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी उमेदवाराचा प्रचारप्रमुख टॉम डफी याचा फोन येतो तेव्हा तो भेटायला जातोच ना? डफीचा डाव तिथेच साधतो. पोरगा फुटला तर उत्तम, नाही फुटला तरी भेटीचा बभ्रा झाला की त्याची नोकरी गेली. आणि ही भेट पत्रकार बाईच्या कानावर घालतो कोण, तर त्याचाच वरिष्ठ, मॉरिसचा प्रचारप्रमुख पॉल झारा! तेही निष्ठेच्या नावाखाली.

पुढे नोकरी जाण्याची पाळी झारावरही येते. केस कापून घेता घेता बोलावणं येतं, तो बाहेर उभ्या काळ्या गाडीत जाऊन बसतो. कॅमेरा गाडीबाहेरच. एक शब्द ऐकू येत नाही. मग तो उतरतो, गाडी निघून जाते. मॉरिस झालेल्या क्लूनीच्या अभिनयावर आपण दोन परिच्छेद खर्च केलेत. त्यातला एक झारा साकारणाऱ्या फिलिप सिमूर हॉफमनला द्यायचा होता.

चित्रपट ज्या नाटकावरून आला त्याचा नाटककार ब्यू विलिमन याने २००४ साली राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या हॉवर्ड डीनच्या प्रचारात काम केलं होतं, त्यामुळे हे तपशील ऐकीव नाहीत. ओहायोच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, दुसऱ्या पक्षाचे मतदारही येऊन मत देऊ शकतात आणि ते मॉरिसला पाडायला येतील, हा डफीचा हिशेब लेखात यायला हवा होता. सिनेटर थॉम्पसनचा सौदाही. पद दिलंत तर उमेदवार ठरवणारे माझे प्रतिनिधी तुमचे. मॉरिस आधी बाणेदारपणे नाही म्हणतो आणि शेवटी त्यालाच उपराष्ट्रपतिपदासाठी सोबत घेतो, कारण स्टीफन त्याला एका बंद स्वयंपाकघरात गाठून सांगतो, की मॉलीने, मॉरिसशी संबंध आलेल्या त्याच्याच प्रचारातल्या शिकाऊ मुलीने, मरताना चिठ्ठी ठेवलीय. चिठ्ठी आपल्याला कधीच दिसत नाही. तिच्या जोरावर स्टीफन झाराची खुर्ची मात्र मिळवतो.

मॉलीला आपल्या लेखात एकच वाक्य मिळालंय, ‘मॉरिसचं प्रकरण’ म्हणून. चित्रपटाने तरी तिला कुठे न्याय दिलाय? गर्भपातासाठी दवाखान्यात सोडलेल्या त्या मुलीला परत न्यायला कुणी येत नाही. ज्या स्टीफनने यायचं, त्याची स्वतःची नोकरी त्याच दिवशी जात असते. इथवर ठीक. पण नंतर तिला मारलंय ते केवळ पुरुषांच्या सौद्याला हत्यार मिळावं म्हणून. इव्हान रेचल वूडसारखी अभिनेत्री हाताशी असताना ही पटकथेची लबाडी आहे, आणि परीक्षणात ती दाखवली जावी एवढी माझी अपेक्षा होती.

आपला,
एक निवृत्त भाषणलेखक