काकांची पेटी चढीच राहणार

बंड्या,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला, रिप्लाय नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल, पण आधी ऐक. आपला अल्बम सुरू झालाय. हो, तोच, जो कॉलेजपासून दर वर्षी 'या दिवाळीत नक्की' असतो. सहापैकी चार गाण्यांचं पेटी-तबला झालंसुद्धा, आणि सगळं नौपाड्यात माझ्या बेडरूममध्ये, कपाटाची दारं सताड उघडी टाकून आणि आईच्या दोन गोधड्या पडद्याच्या दांडीवर टाकून. आई म्हणते वाळवण घातलंय का घरात. पण घुमारा गेला रे, टाळी वाजवली तर नुसतं 'टप्' होऊन तिथेच विरते.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये शिरते. पावसाळी उकाडा, खिडकी बंद, आत चौघं, आमचा तबलजी दर टेकनंतर हाताला पावडर चोपडतो आणि हवा इतकी दमट की अर्ध्या तासात तबला उतरतो, परत हातोडी. बसतो रात्री दहानंतरच, कारण तोपर्यंत पलीकडच्या मैदानात ढोल-ताशाचा सराव चालू असतो. तो थांबला की एसीमागची कबुतरं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी एक गुटर्गू चक्क ऐकू येतं, पण टेक एवढा भारी होता की मी ठेवलं तसंच.

खरी गंमत पेटीची. पेटीवाले काका म्हणजे आमच्या सोसायटीतले, बँकेतून रिटायर झालेले, गुरुवारचं भजन न चुकवणारे, आणि पेटी त्यांच्या वडिलांची. पहिल्या दिवशी मी गिटार ट्यूनरवर नीट लावून बसलो, काकांनी काळी एक धरली आणि सगळ्यांची तोंडं चिंच खाल्ल्यासारखी. ॲपवर बघितलं तर पेटी 440 वर (म्हणजे हल्ली बहुतेक वाद्यं ज्या हर्ट्झच्या मापाला लावतात त्यावर) नाहीच, 446 च्या आसपास, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळपास पाव भाग चढी. मी शहाणा, म्हटलं काका, कारागिराकडून सूर घासून घेऊया का? काका काही बोलले नाहीत. भाता मिटला, खटके लावले, आणि चहा प्यायला लागले. संपला विषय.

मग आम्हीच चढलो. गिटार 446 ला, कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तेवढाच वर, तबला काय हातोडीने येतोच. अख्खा अल्बम त्या पेटीला लावलाय म्हण ना.

क्लिकचंही तेच. लय धरायला हेडफोनमध्ये टिकटिक लावून दिली तर काका म्हणाले, घड्याळाबरोबर कोण भजन म्हणतं का? माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, म्हणजे इंटरफेस, त्याला इनपुट दोनच, एक माइक पेटीला, एक तबल्याला, दोघं समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत वाजवतात, गाणं नंतर वरून. शेवटच्या कडव्यात लय वाढते. वाढू दे, मला तर तेच आवडलंय, क्लिकवरचं ऐकलं तेव्हा सगळं इस्त्री केल्यासारखं वाटत होतं. गाणारी येते घोडबंदरवरून, परवा कापूरबावडीला अडकली ती पावणेबाराला पोचली, कोमट पाणी प्यायली आणि एका टेकमध्ये मोकळी झाली!

आता तुझं काम. तिसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात बासरी हवीये आणि ती तूच वाजवणार. लोचा एवढाच की तुझी बासरी 440 ची आणि तिला काही खुंट्या नाहीत पिळायला. आधी दहा मिनिटं वाजवून गरम कर, मग जरा बाहेर वळवून फुंकून बघ किती चढते ते. नाहीच जमलं तर काका म्हणतात नवीन बनवून घे म्हणावं. बघ, पेटीला हात लावू देत नाहीत आणि बासरी बदलायला सांगतात.

ट्रॅक मेल केलाय. हेडफोन लावूनच वाजव, स्पीकरवर लावलास तर पेटी परत तुझ्या माइकमध्ये येईल. सुरुवातीला चार मात्रा मोजल्यात, पाचवीला एक टाळी मार म्हणजे मला इथे जुळवता येईल. आणि वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाक, व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवलास तर तिथल्या तिथे मैत्री तुटली समज.

रविवारपर्यंत पाठव रे, सोमवारपासून खाली मंडपाचे बांबू ठोकायला घेतायत.

तुझाच,
गिटारवाला