लायब्ररीतल्या ताई, ती पट्टी मी पुस्तक संपल्यावरच काढली

ताई, नावानं तुम्हाला मी आठवणार नाही, पण "प्लॅस्टरवाले, मर्डर इन ओल्ड बॉम्बेवाले" म्हटलं की लगेच लक्षात येईल. काल रात्री पुस्तक संपलं. फोन केला असता तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

या पुस्तकासाठी आधी एका मोठ्या दुकानात फोन केला, तिथला मुलगा म्हणाला ट्रॅव्हल सेक्शनमध्ये बघून सांगतो, तो अजून बघतोच आहे बहुतेक. मग ऑनलाइन मागवलं तर पायरेटेड कॉपी आली, मधली पानं गायब, आणि तक्रार करायला गेलो तर चॅटवर मलाच विचारतायत तुमचा अनुभव कसा होता. तुम्ही मात्र घरी जाताना वाट वाकडी करून वॉचमनकडे पुस्तक ठेवून गेलात.

पण माझ्या खरं लक्षात राहिली ती खाकी कागदाची पट्टी. पानाच्या समासात डिंकानं चिकटवलेली, छापलेलं एकही अक्षर झाकलं जाऊ नये म्हणून कात्रीनं जरा तिरकी कापलेली, आणि वर बारीक अक्षरात, "इथे कुणीतरी आगाऊपणा केलाय. वाचून झाल्यावरच काढा." रहस्यकथेत पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक लायब्ररीत असतात हो, पण पुढच्याची मजा जाऊ नये म्हणून कात्री घेऊन बसणारं कोण असतं?

आणि पुस्तक काय आहे! नेव्ह मार्च या बाईंची ही पहिलीच कादंबरी, वाटत नाही. १८९२ साल, कॅप्टन जिम अग्निहोत्री, आई हिंदुस्थानी बाप इंग्रज, जखमी होऊन पुण्यातल्या लष्करी हॉस्पिटलात पडलाय, वाचायला पेपर आणि शेरलॉक होम्स. मीही पुण्यातच पडून, त्यामुळे पहिल्या पानापासूनच आमचं जमलं. पेपरात त्याला राजाबाई टॉवरची केस सापडते. ती केस खरी आहे, १८९१ च्या एप्रिलमध्ये दोन तरुण पारशी मुली त्या टॉवरवरून पडून गेल्या, खटला उभा राहिला, आरोपी सुटला, आणि शिक्षा शेवटपर्यंत कुणालाच झाली नाही. त्यातली एक अर्देशिर गोदरेज यांची बायको. पुढे १८९७ मध्ये ज्यांनी कुलुपांचा कारखाना काढला तेच हे, आपल्या घरोघरच्या गोदरेजच्या कपाटामागचं नाव. त्यांनी परत लग्न केलं नाही. हे कळल्यावर कादंबरीतला तो तरुण विधुर वाचताना घशात आवंढा येतो.

मधे लाहोर-सिमला करत गोष्ट जरा लांबते, प्रेमप्रकरणही थोडं आवरायला हवं होतं. पण जिम मस्त उतरलाय, साहेबांच्या पंगतीत अर्धा नेटिव्ह, नेटिव्हांत अर्धा साहेब, होम्ससारखा हुशार नाही, वेळेला मार खातो, चुकतो, तरी त्या पारशी कुटुंबाला दिलेला शब्द सोडत नाही. असा सरळ माणूस नायक म्हणून आजकाल वाचायलाही मिळत नाही. आणि ज्या टॉवरवरून हे सगळं सुरू होतं त्याच्या खाली विद्यापीठाची लायब्ररीच आहे, म्हणजे हे पुस्तक तुमच्याच हातून मिळायचं होतं म्हणा.

बरं, पट्टी. काल शेवटचं पान मिटलं आणि मग नखानं हळूच काढली. ताई, त्या शहाण्यानं लिहिलेलं नाव चुकीचं आहे! एकटाच इतका हसलो की बायको उठून आली. तिला सगळं सांगायला लागलो तर म्हणाली सांगू नका, मला वाचायचंय. म्हणून पट्टी परत लावून ठेवलीय आणि पुस्तक आठवडाभर उशिरा येईल, दंड लावा. पुढचा भाग शिकागोत घडतो म्हणे, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात. तुमच्याकडे असला तर माझं नाव लावून ठेवा, या वेळी मी स्वतः कुबड्या घेऊन येतो.