आम्हाला खरी भीती माहीत नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं, की हे असले काळेकुट्ट, खुनाबिनाचे, विकृत पिक्चर आवडीने बघणाऱ्यांनी आयुष्यात खरी भीती कधी बघितलेली नसते, म्हणूनच त्यांना तिकीट काढून घाबरायची हौस येते. वाचून आधी हसले, मग चिडले, मग म्हटलं लिहूनच टाकू. कारण मी त्यातलीच. वय ५६, नोकरी संपली, गुडघा कुरकुरतो, पण हॉरर किंवा थ्रिलर लागला की पहिल्या आठवड्यात मी थिएटरात हजर, बहुतेक वेळा एकटीच, कारण घरातलं कुणी बरोबर यायला तयार नसतं.

तर खरी भीती. १९७६ ला मी सात वर्षांची होते, आम्ही पुण्यात नारायण पेठेत वाड्यात भाड्याने राहायचो. दिवाळी नुकतीच झालेली, जोशींच्या घरात तिघांचे खून झाले आणि महिन्याभरात, १ डिसेंबरला, भांडारकर रोडला अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचे. पुढे सगळे मिळून दहा खून निघाले, पण तेव्हा कोण करतंय, का करतंय, पुढचं घर कुणाचं, कुणालाच काही माहीत नव्हतं. वाड्याचा दिंडी दरवाजा एरवी रात्री दहाला लागायचा तो दिवेलागणीलाच लागायला लागला, आतून आडणा. दूधवाला रोजचा, तरी त्याने आधी नाव सांगायचं मग कडी निघायची. संडास मागच्या बोळात, सगळ्या वाड्याचा मिळून एकच. रात्री जायचं झालं तर आई बॅटरी घेऊन दाराबाहेर उभी राहायची आणि मला आतून सारखं बोलायला लावायची, म्हणजे मी आत आहे आणि ठीक आहे हे तिला कळत राहावं. सात वर्षांची पोर काय बोलणार, पाढे म्हणायचे. सतराच्या पाढ्यात अडकले की आई घाबरून दार बडवायची.

पकडले तेव्हा कळलं की खून करणारी म्हणजे चित्रकला शिकणारी कॉलेजातली पोरं. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली, मी तेव्हा नववीत होते.

तेव्हा पत्रलेखकांना एवढंच सांगते की भीती आमच्या दिंडी दरवाज्यापर्यंत येऊन गेलीय. आणि तरी मला हे पिक्चर आवडतात, किंवा त्यामुळेच आवडत असतील, मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पिक्चरमधल्या भीतीला निदान इंटरव्हल असतो आणि समोसा मिळतो, १९७६ ला तसं काही नव्हतं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. रक्त किती दाखवलं यावरून पिक्चर चांगला का वाईट ठरवणं बंद करा. हिचकॉकचा ‘सायको’ १९६० चा, त्यातल्या बाथरूमच्या सीनवरून अजून लोक घाबरतात, तिथे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलंय आणि ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे ते खपून गेलंय. १९७४ चा ‘टेक्सास चेनसॉ मॅसॅकर’, नाव ऐकूनच अंगावर काटा येतो, पण बसून बघा, पडद्यावर रक्त आपल्याला वाटतं त्याच्या पावपटसुद्धा नाही. माझी कसोटी एकच, मेलेला माणूस मरायच्या आधी पिक्चरमध्ये माणूस होता का. बस.

ही कसोटी मला कुठून मिळाली तर भांडारकर रोडवरूनच. तिथे जे गेले त्यातले घरातले वडीलधारे म्हणजे संस्कृत व्याकरणाचा आख्खा कोश केलेले विद्वान. आज पुण्यात कुणालाही विचारा, मारणाऱ्या चौघांची नावं धडाधडा सांगतील. कोशाचं विचारा, कुणाला माहीत नसतं. मलाही चाळिशीनंतर कळलं, तेसुद्धा एका लग्नात शेजारी बसलेल्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापक बाईंकडून, जिलबी खाता खाता. तेव्हापासून एखाद्या पिक्चरमध्ये म्हातारा माणूस नुसता मरण्यापुरता आणला की माझं डोकं फिरतं.

म्हणून १९८६ चा ‘माफीचा साक्षीदार’ मला तेव्हाही आवडला नव्हता. याच खुनांवर बेतलेला, नाना पाटेकर त्यात खुन्याच्या कामात इतका जबरदस्त की आमच्या हॉलमधली पोरं त्याच्याच बाजूची होऊन बसली होती, शिट्ट्या मारत होती. मी तेव्हा सतरा वर्षांची, मैत्रिणींबरोबर गेले होते, मला घाम फुटला होता पण पिक्चरमुळे नाही, त्या शिट्ट्यांमुळे. आता यात नानाचा काय दोष, नट चांगला असला की असं होतं.

उलट अनुराग कश्यपचा ‘पाँच’. त्याची प्रेरणाही हेच प्रकरण, पण गोष्ट मुंबईतल्या एका रॉक बँडची. २००० नंतर सेन्सॉरमध्ये अडकला, पुढे काटछाट होऊन पास झाला तरी वर्षानुवर्षं थिएटरात लागलाच नाही. मी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून बघितला, चोरीच ती, कबूल. त्यात काय होतं, तर टवाळ पोरं, पैशाची चणचण, मित्राच्याच किडनॅपिंगचं नाटक करायचं ठरतं आणि के के मेननचं डोकं सटकतं, मित्र खलास. पुण्यातही पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा होता. ‘पाँच’मध्ये शिव्या आहेत, ड्रग्ज आहेत, सेन्सॉरला नको असलेलं सगळं आहे, पण तो पहिला खून झाल्यावर खोलीत जे अवघडलेपण येतं, कुणी कुणाकडे बघत नाही, तिथे एकाही माणसाला शिट्टी मारावीशी वाटणार नाही, मी पैजेवर सांगते. माझ्या मते हाच फरक आहे. जो अडकला तो जास्त सभ्य आणि जो आरामात लागला तो कमी.

लोक म्हणतील बाईला कश्यपचं फार कौतुक. नाही हो, भांडण पण आहे. ‘रमन राघव २.०’ घ्या, २०१६ चा. खरा रमन राघव म्हणजे साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना मारणारा, शेवटी १९९५ ला इथे ससूनमध्येच वारला. पिक्चर सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही त्याची गोष्ट नाही, ठीक आहे. त्यातला बहिणीच्या घरचा सीन, अमृता सुभाष बहीण झालीय, खुनी भाऊ झालेला नवाजुद्दीन बऱ्याच वर्षांनी दारात उभा राहतो आणि तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना, नुसतं ओळखीचं नाही, जुनं काहीतरी, तिथे मला पिक्चर थांबवून पाणी प्यावं लागलं. घर एवढंसं, पळायला जागाच नाही. असा सीन लिहिणाऱ्याला मी सलाम करते. पण तोच पिक्चर पुढे पोलिस आणि खुनी एकाच नाण्याच्या दोन बाजू वगैरे शहाणपण शिकवायला लागतो, स्टाइलमध्ये गॉगल, म्युझिक, चॅप्टरची नावं, आणि ती बहीण कुठल्या कुठे राहून जाते. माझा पुतण्या याच पिक्चरवरून माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हता.

परदेशी पिक्चरचं म्हणाल तर ‘हेरेडिटरी’. २०१८ चा, अरी ॲस्टरचा. अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक प्रकार आहे, पहिल्या दिवशी बघून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून मार्क घेतात, तिथे याला डी प्लस मिळाला, म्हणजे जवळजवळ नापासच. समीक्षक डोक्यावर घेऊन नाचतायत आणि पब्लिक पैसे परत मागायच्या मूडमध्ये. मला दोन्ही समजतं. लोक भूत बघायला गेले आणि समोर आलं सुतक.

त्यातला तो मोटारीचा सीन ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढची काही वाक्यं सोडून द्या. पोरगा रात्री बहिणीला घेऊन गाडी हाणत निघालाय, तिला काहीतरी खाल्ल्यामुळे श्वास घेता येत नाहीये, ती खिडकीतून डोकं बाहेर काढते आणि खांब. गाडी थांबते. पोरगा मागे वळून बघत नाही. नुसता बसतो. मग सावकाश घरी येतो, गाडी तशीच लावतो, खोलीत जाऊन अंथरुणावर पडतो, डोळे उघडे. सकाळ होते, आपल्याला दिसतो फक्त त्याचा चेहरा, आणि बाहेरून आईचा आवाज येतो, जरा जाऊन येते असं काहीतरी साधं बोलणं, गाडीकडे जाणारी पावलं, दार, आणि मग ती किंचाळी. कॅमेरा पोरावरच. नंतर जे दाखवायचं ते दाखवतात, मुंग्यांसकट दाखवतात, पण तोवर आपल्यातलं जे मोडायचं ते मोडलेलं असतं. आवाजावरून बघणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, मी पाढे म्हणत मोठी झालेय. आमच्या शेजारच्या वहिनी याच सीनला उठून गेल्या, मी त्यांना अजिबात नावं ठेवत नाही. त्यांचा धाकटा भाऊ गाडीखाली गेला होता. उठून जाणं हाही त्या पिक्चरचा रिव्ह्यूच आहे, आणि डी प्लस नाहीये तो.

हानेकेचा ‘फनी गेम्स’ मात्र मला सोसत नाही. १९९७ चा ऑस्ट्रियन, मग २००७ ला त्यानेच तस्साच्या तस्सा इंग्रजीत परत काढला, एवढी हौस. दोन गोरीगोमटी पोरं एका कुटुंबाला छळतात, त्यातला एक मध्येच आपल्याकडे बघून डोळा मारतो, आणि एका ठिकाणी तर बाईने बंदूक उचलून बाजी पलटवल्यावर तोच रिमोट घेऊन सीन मागे घेतो! म्हणजे बघा, तुम्हाला मारामारी बघायचीय ना, तुम्हीच वाईट. अरे पण तिकिटाचे पैसे तूच घेतलेस ना माझ्याकडून? अर्थात हेही सांगते की त्यात बरीचशी हिंसा कॅमेऱ्याबाहेर आहे आणि ती माणसं माणसंच आहेत, म्हणजे माझ्याच कसोटीला तो पास होतो. तरी आवडत नाही. आहे ते असं आहे.

आणि १९८० चा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’. यावर आमच्या हॉररवाल्या लोकांत कायम वाद, किती ग्रेट, काळाच्या किती पुढचा, खून खरेच वाटल्यामुळे दिग्दर्शकाला इटलीत नट जिवंत आहेत हे सिद्ध करून दाखवावं लागलं वगैरे. नट जिवंत होते, ठीक. कासव नव्हतं. शूटिंगसाठी खरीखुरी जनावरं मारलीयत त्यात, आणि तिथे माझ्यापुरता विषय संपला, कला वगैरे मला सांगू नका.

आपल्याकडचं सांगते. ‘तुंबाड’ २०१८ ला लागला तेव्हा दुपारच्या शोला हॉलमध्ये आम्ही जेमतेम डझनभर माणसं, त्यातली दोन एसी खायला आलेली. १३ सप्टेंबर २०२४ ला तोच परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. पिक्चर तोच. २०१८ ला लोकांना वाटलं भुताचा असेल, मग म्हणाले हा तर हावरटपणाचा आहे. सहा वर्षांनी तेच कौतुकाने एकमेकांना सांगत होते. मला त्यात हस्तर नावाचा हावरट देव दिसतो त्याहून जास्त ती कणकेची बाहुली आठवते, कणिक मळताना अजून हात थबकतो. तक्रार एकच, नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीच्या गावाचं नाव घेतलेला, सगळी माणसं कोकणी वळणाची, धो धो पाऊस, आणि बोलतायत हिंदी. पैसे लावायला मराठीत कुणी नव्हतं का, हे विचारायचं तर आरशासमोर विचारावं लागेल.

मराठीत ‘लपाछपी’ आला होता, २०१७ ला, विशाल फुरियाचा, पूजा सावंत गरोदर बाई, उसाच्या फडातलं घर. पुढे त्यानेच हिंदीत ‘छोरी’ केला. मी ‘लपाछपी’ घरी टीव्हीवर लावला होता, आई आली तशी चॅनल बदलायला लागले, कारण तिला असलं काही चालत नाही, रेडिओवरची नाटकंसुद्धा ती बंद करायची. पण म्हणाली राहू दे. शेवटपर्यंत बसली. मुलींच्या गर्भांचं, मारलेल्या लेकरांचं प्रकरण उलगडलं तेव्हा मी हळूच तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, आमच्या गावात एक विहीर होती, तिचं पाणी कुणी प्यायचं नाही. आणि उठून भाकरी टाकायला गेली. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा तिने या विहिरीचा विषय काढला. यावर मी अजून काहीच विचारलेलं नाही.

आता संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणी. पिक्चरला साडेतीन स्टार दिलेत का अडीच, त्याने आम्हाला काडीचा फरक पडत नाही. कसली भीती आहे ते लिहा. लेकराला काही होतं का, जनावराला होतं का, बलात्काराचा सीन आहे का, नुसतं दचकवतात का रात्री झोपू देत नाहीत. २०२४ च्या शेवटी सेन्सॉरने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या जबाबदारीवर बघायच्या सर्टिफिकेटमध्ये वयाचे सात, तेरा, सोळा असे भाग केले, चांगलं केलं, पण ते पोस्टरवर मुंगीएवढं असतं. मागे एका मल्टिप्लेक्सला रात्रीच्या हॉररला माझ्या पुढच्या रांगेत पाचेक वर्षांची मुलगी होती, बापाच्या शर्टात तोंड खुपसून. दारावरच्या पोराला जाऊन सांगितलं तर म्हणाला मॅडम, तिकीट आहे त्यांच्याकडे. त्या मुलीला माझ्यासारखी आवड लागेल का कायमची भीती बसेल कुणास ठाऊक, बापाला आदल्या दिवशी तुमच्या पेपरात दोन ओळी वाचायला मिळाल्या असत्या तर निदान त्याने आजीकडे ठेवली असती. आणि कृपा करून शेवट हेडिंगमध्ये छापू नका, मागच्या महिन्यात तुम्ही तेच केलंत, मी तिकीट काढून बसले होते.

पत्रलेखकांना नमस्कार सांगा. त्यांना माझ्याबरोबर यायचं असेल तर दुपारचा शो, पॉपकॉर्न माझ्याकडून. रात्रीचा मी घेत नाही, घरी परत यायला उशीर झाला की आई झोपत नाही. किल्ली माझ्याकडे असते पण ती आतून कडी लावते, मी दार वाजवते, ती कोण विचारते, मी नाव सांगते, आणि ती थोडा वेळ थांबून परत विचारते, कोण?

आपली नेहमीची वाचक,
पुणे ३०