भाग येईपर्यंतच्या कामांचा क्रम लावून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले आभार मी भेटीत अनेकदा मानले आहेत. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण घरच्या गॅरेजमध्ये किटवरून विमान बांधायला घेतलेल्या आणि अपुऱ्या भागांच्या यादीसमोर थबकलेल्या दुसऱ्या कोणा मराठी माणसाच्या हाती आपण मला दिलेली कामाची पद्धत पडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझे विमान दोन आसनी आणि संपूर्ण ॲल्युमिनियमचे आहे. असे किट एकदम येत नाही. आधी शेपूट, मग पंख, मग धड आणि शेवटी काच, चाके व इंजिनाचे आवरण असे ते टप्प्याटप्प्याने येते, तर इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणे ज्याची त्याने वेगळी मागवायची असतात. पंखांची खोकी आली तेव्हा मागच्या स्पारचे (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईचे) काही भाग आणि फ्लॅपचे (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचे) ब्रॅकेट नंतर पाठवू, असा कागद सोबत होता. पुस्तिकेतील पायऱ्या तर एकीवर एक रचलेल्या असतात, त्यामुळे काम कुठून चालू ठेवावे हे कळेना. अशा वेळी ओहायोतील आमच्या गटातल्या एका सदस्याने आपले नाव सुचवले. एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौसेने विमान बांधणाऱ्यांची संस्था १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये स्थापन झाली, आणि तिचे टेक्निकल कौन्सेलर मोबदला न घेता घरोघरी जाऊन बांधकाम पाहतात हे मला माहीत होते. मात्र असा सल्लागार ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग विमानांच्या जुळवणीवर आयुष्य घालवलेला नाशिककर निघेल, याची कल्पना नव्हती.

पहिल्या भेटीत आपण हत्याराला हात लावला नाहीत. मी कोणकोणती कामे आत्ता करता येतील ते सांगत होतो आणि आपण प्रत्येक कामामागे एकच प्रश्न विचारत होता: हे केल्यावर नंतर कुठे हात पोहोचणार नाही? माझ्या सगळ्या नियोजनाचा पाया त्या प्रश्नाने बदलला. आपण भिंतीवर मोठा कागद लावायला सांगितलात. न आलेला प्रत्येक भाग त्यावर लिहायचा, तो ज्या ज्या भागाला जोडला जातो तिथे रेघ ओढायची, आणि त्या रेघांच्या वाटेवरचे कोणतेही रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणारी खिळी) ठोकायचे नाही. तो कागद भरल्यावर दिसले की मोकळी कामे मला वाटत होती त्याहून पुष्कळ होती, फक्त ती पुस्तिकेच्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली होती.

पंखाच्या आतल्या फासळ्यांचेच पाहावे. त्यांच्या कडांची बर (कापताना उरलेली धार) काढणे, प्लायरने चिमटे देऊन त्या सरळ करणे, भोके सरळ रेषेत येतात की नाही ते पाहणे, प्रायमर मारणे आणि प्रत्येकीवर तिचा क्रमांक व डावी-उजवी बाजू लिहिणे, यांपैकी कशालाच मागच्या स्पारची गरज नव्हती. पत्र्यांवरची निळी प्लास्टिकची फिल्म मात्र तशीच ठेवू नये, हे आपण आवर्जून सांगितलेत. ओरखडे पडू नयेत म्हणून ती राहू द्यावी असे कोणालाही वाटेल, पण महिनोन्महिने राहिली तर तिच्याखाली ओल अडकून पत्र्याला गंज धरू शकतो. वाट पाहण्याचा काळ लांबणार असेल, तर जे नुसते पडून राहणार आहे त्याचीही निगा कामाच्या यादीत लिहावी लागते, हे मी तेव्हा शिकलो.

पंखाच्या खालच्या पत्र्याबद्दलचा आपला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. वरचा पत्रा बसला आणि आतली रचना तयार झाली की खालचा पत्रा ठोकून पंख पूर्ण करण्याचा मोह मोठा असतो, कारण भिंतीला टेकवलेला पूर्ण पंख पाहून कुटुंबालाही काम पुढे गेल्याचे समाधान मिळते. आपण मला त्याआधी वायरींची नळी ओवायला, पिटो ट्यूबची (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीची) बैठक बसवायला आणि ऑटोपायलटच्या सर्व्होचा (त्याच्या लहान मोटरचा) ब्रॅकेट लावायला सांगितलेत, जरी ती उपकरणे मी तेव्हा घेतलेलीही नव्हती. ब्रॅकेट आज उघड्या पंखात सहज बसतो. पंख बंद झाल्यावर तेच काम तपासणीच्या लहान झाकणातून, कोपरापर्यंत हात घालून, चाचपडत करावे लागते. उपकरणे शेवटी घ्यावीत, म्हणजे ती जुनी होत नाहीत आणि त्यांची हमीची मुदत शेल्फवर संपत नाही, पण त्यांची जागा मात्र आधी करून ठेवावी, हा आपला सल्ला मी पुढे धडाच्या वेळीही पाळला.

तात्पुरत्या जोडणीबाबत आपण घालून दिलेली शिस्त इथे मुद्दाम नोंदवतो. जे पुन्हा उघडायचे आहे ते क्लेकोंवर (भोकांत बसवून पुन्हा काढता येणाऱ्या तात्पुरत्या पिनांवर) किंवा बाजारातल्या साध्या बोल्टवर ठेवायचे. विमानाचा बोल्ट आणि नायलॉनचा लॉकनट अखेरच्या जोडणीतच वापरायचा, त्याला टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा, आणि लगेच रंगाची खूण करायची. भाग येईपर्यंत काम पाच ठिकाणी अर्धवट राहते, आणि कोणता नट नुसता हाताने फिरवलेला आहे हे काही महिन्यांनी स्मरणावर सोडता येत नाही. ज्यावर खूण नाही तो सैल आहे, असेच धरून चालायचे.

ऋतूंचा हिशेबही आपणच शिकवलात. टाकीच्या सीलंटची वापरण्याची मुदत ठरलेली असते आणि थंडीत ते फार सावकाश घट्ट होते, म्हणून टाक्यांचे सर्व भाग हाती आल्याशिवाय ते मागवायचे नाही. वरची काच ॲक्रिलिकची असते आणि थंड असताना कापली तर तडकते. ती ऐन हिवाळ्यात आली तेव्हा आपण पेटी न उघडता उन्हाळ्यापर्यंत ठेवायला लावलीत. इंजिनाचे उलट झाले, ते अपेक्षेपेक्षा आधी आले. स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावणे, त्यांचा निळा रंग गुलाबी होऊ लागला की ते बदलणे, आणि आतला तेलाचा थर पुसला जाऊ नये म्हणून क्रँकशाफ्ट उगाच न फिरवणे, ही सारी काळजी आपण फोनवरून समजावलीत.

आपण माझ्यासाठी एकही रिव्हेट ठोकले नाहीत, याबद्दलही मी ऋणी आहे. अमेरिकेतील नियमानुसार अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनीच घडवलेला असावा लागतो, आणि ते छायाचित्रांसह नोंदवहीतून दाखवावे लागते. आपण ती नोंदवही दर भेटीत वाचलीत, आणि पुस्तिकेचा क्रम मी जिथे बदलला तिथे कारणही लिहायला लावलेत. आपल्या भेटीला सरकारी तपासणीचे स्थान नाही, हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. तरी कोणताही भाग बंद करण्यापूर्वी तो आपल्या नजरेखालून गेला, म्हणूनच मी तो निर्धास्तपणे बंद करू शकलो.

सध्या उपकरणांच्या फलकामागची वायरिंग चालू आहे. फलकापुढचा वरचा पत्रा आपल्या सांगण्याप्रमाणे अजून क्लेकोंवरच आहे, आणि इंधनाच्या नळीचा एक जोड यायचा बाकी आहे. तो आला आणि नळ्यांची गळतीची चाचणी झाली की मी आपल्याला कळवीन. पत्रा ठोकण्याआधी आपण एकदा येऊन आतून सगळे पाहावे, ही विनंती. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
गॅरेजमधला विद्यार्थी