यंत्रावर शंका, पण '१७-सी'कडे पाठ

महोदय,

निवडणुकीचा निकाल लागला की मतदान यंत्रांविषयीचा वाद नव्याने पेटतो आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभातही त्याचे पडसाद उमटतात. नाशिक शहरात विधानसभा व लोकसभा निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले असल्याने एक बाब निदर्शनास आणून द्यावीशी वाटते. यंत्र पडताळून पाहण्याची जी संधी राजकीय पक्षांना थेट मतदान केंद्रावरच मिळते, तिच्याकडे, विशेषतः केंद्रावरील मतांचा हिशेब देणाऱ्या 'नमुना १७-सी' या कागदाकडे, त्यांचेच प्रतिनिधी सर्रास पाठ फिरवतात.

मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप (म्हणजे चाचणीचे) मतदान घ्यावे लागते. प्रत्येक उमेदवार आणि 'नोटा' धरून किमान ५० मते टाकली जातात आणि कंट्रोल युनिटवरचा (मते साठवणाऱ्या भागावरचा) निकाल व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताडून पाहिला जातो. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणे क्रमाने दाबून (कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'सीआरसी' करून) यंत्र शून्यावर आणतात, चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद होतात आणि मगच कंट्रोल युनिटला सील लागते. प्रतिनिधी आले नसल्यास पंधरा मिनिटे वाट पाहून काम सुरू करावे, अशी सूचना असते. पहाटे साडेपाचला ती पंधरा मिनिटे बहुधा रिकाम्या खुर्च्यांसमोरच जातात.

संध्याकाळची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शेवटच्या मतदाराने मत दिल्यावर क्लोज बटण दाबले की त्या यंत्रात पुढे एकही मत नोंदवता येत नाही. टोटल बटणाने दिसणारा आकडा मतदार नोंदवहीशी जुळवून नमुना १७-सी भरला जातो. त्यात एकूण मतांबरोबरच यंत्राचा आणि कागदी सीलचा क्रमांकही असतो, आणि त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यावीच लागते. मतमोजणीच्या टेबलावर रिझल्ट बटण दाबण्यापूर्वी हेच क्रमांक आणि हीच बेरीज पुन्हा तपासता येते. स्ट्राँगरूममध्ये (मतमोजणीपर्यंत यंत्रे ठेवतात त्या कुलूपबंद खोलीत) यंत्र बदलले, असा आरोप ज्याला करायचा आहे त्याच्या हाती याहून भक्कम कागद दुसरा नाही; तरीही प्रत घ्यायला थांबा, असे सांगत बूथबाहेर प्रतिनिधींना शोधत फिरण्याची वेळ केंद्राध्यक्षावर येते!

याचा अर्थ शंकाच घेऊ नये, असा नव्हे. मतदार बटण दाबतो त्या बॅलेट युनिटला उमेदवार ठाऊक नसतो, कंट्रोल युनिट फक्त कितवे बटण दाबले एवढेच नोंदवते. मात्र व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावे व चिन्हे बाहेरून भरावी लागतात, आणि खरा प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे. चिन्हे भरणारी उपकरणेही निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दिला, तो त्यामुळेच योग्य वाटतो. मतमोजणीत पडताळणीसाठी विधानसभा क्षेत्रामागे पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. नाशिक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे असल्याने हा आकडा तीसवर थांबतो. तो वाढवायला हरकत नसावी, असे माझे मत आहे.

महापालिकेत तर तेवढीही सोय नाही. तेथील निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. आपल्या शहरात एकाच मतदाराला बहुतेक प्रभागांत चार मते द्यावी लागतात, पण त्याने दाबलेल्या बटणाची कागदी खूण मागे उरत नाही, कारण व्हीव्हीपॅट तेथे नसते. लोकसभेच्या वेळी सात सेकंद चिठ्ठी पाहिलेल्या मतदाराला येथे दिवा आणि 'बीप' यांवरच समाधान मानावे लागते. शहरातील सर्वपक्षीय नेत्यांनी सभांतून यंत्रावर तोंडसुख घेण्याऐवजी महापालिकेतही व्हीव्हीपॅट हवे, या एका मागणीसाठी राज्य आयोगाकडे लेखी पाठपुरावा करावा. आपणही पुढील विधानसभा निवडणुकीआधी नमुना १७-सी कसा असतो, तो कोणाला व केव्हा मिळतो, याची माहिती नमुन्याच्या छायाचित्रासह छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक